साडेसतरा खांद्याचा गाऊन

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका ज्येष्ठ वकिलांना रागावत होती. न्यायालयासमोरच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत, तोंडात तीन टाचण्या धरून. वकीलसाहेब दोन्ही हात ताठ ठेवून उभे होते. ती म्हणाली, "अहो, खांदे सैल सोडा की. न्यायाधीशांपुढे उभं राहिल्यासारखं नका राहू, घरी राहता तसं राहा." कोपऱ्यात काजं करत बसलेली तिची नणंद मान वर न करता म्हणाली, "घरी याहून ताठ राहत असतील, वहिनी. समोर बायको असते ना." साहेब हसले, खांदे आपोआप खाली आले आणि तेवढ्यात हिने टाचणी लावली.

मी पिशवीचा तुटलेला पट्टा शिवून घ्यायला गेले होते. शाळेतून निवृत्त होऊन दोन महिने झाले होते आणि घरी माझी वाट पाहणारं कुणी नव्हतं. तिच्या दारातल्या लाकडी बाकावर मी जी बसले, ती पुढे आठवड्यातून तीनदा बसू लागले.

वकिलांचे काळे गाऊन आणि गळ्याचे पांढरे बँड, एवढंच ती शिवायची. आधी तिचे सासरे हे काम करायचे, त्यांच्यानंतर हात हिचा बसला. नवरा शाळेची बस चालवायचा, त्यामुळे दुकानाचा सगळा भार या नणंदा-भावजयांवर. सगळे तिला टाचणीमावशी म्हणत, आणि ते फक्त तोंडातल्या टाचण्यांमुळे नव्हे. ती मात्र वकिलांना नावाने ओळखत नसे. खांद्याच्या मापाने ओळखे. "सोळा येऊन गेला का गं?" "साडेपंधराच्या बाह्या झाल्या?" सुरुवातीला मला वाटे, मी चुकून गणिताच्या वर्गात येऊन बसले आहे.

गाऊनमधलं अवघड काम म्हणजे पाठीवरच्या चुण्या. खांद्याच्या पट्टीखाली त्या एकेक मोजून घालायच्या, दोन्ही बाजूंना सारख्या. मध्ये उठलं की मोजणी चुकते आणि सगळं उसवावं लागतं. म्हणून ती चुण्या घालत असताना कुणाशी बोलत नसे, चहा घेत नसे, फोन उचलत नसे. "मावशी चुण्यांत आहे," असं नणंदेने सांगितलं की मोठमोठे वकील मुकाट बाकावर बसून राहत. आग लागली तरी ती आधी ओळ पूर्ण करेल, असं ते आपसांत म्हणत.

त्या खोलीवरच गदा आली. इमारतीच्या मालकाला जिन्याखालची जागा मोकळी हवी होती आणि त्याने दावा लावला होता. मावशीने वकील दिला तो तिच्याच गिऱ्हाइकांपैकी. खांदा साडेसतरा. उमदा माणूस, बोलायला गोड. दोन वर्षं तो तारखांना जात राहिला आणि ही निर्धास्त राहिली. मग एके दिवशी टपालाने एक कागद आला. मी बाकावर होते, म्हणून वाचायला माझ्याच हातात दिला. मी दोनदा वाचला. दाव्यात तडजोड झाली होती. सहा महिन्यांत जागा खाली करून द्यायचं टाचणीमावशीने मान्य केलं होतं. खाली तिची सही नव्हती, तिच्या वतीने साडेसतराची होती.

ती म्हणाली, "मी कुठं मान्य केलं?" एवढंच. मग उठून त्याच्या ऑफिसात गेली. तो म्हणाला, मावशी, हरणारच होतो, सहा महिने मिळाले हे नशीब समजा. वकीलपत्रात तडजोडीचा अधिकार तुम्हीच दिला आहे. शिवाय तुम्ही त्या दिवशी हजर होता, माझ्या मागेच उभ्या होता, विसरलात का? परत आल्यावर तिने हे सगळं आम्हाला शब्दाला शब्द सांगितलं. त्याच मालकाच्या दुसऱ्या इमारतीचं काम आता साडेसतराकडे आहे, हे नणंदेने दोन दिवसांत शोधून काढलं. ती बातम्या काढण्यात पटाईत होती.

वकिलाविरुद्ध दाद मागायला वकील परिषद असते, हे मला माहीत होतं, पण ऐकीव. अर्ज मी लिहिला, चाळीस वर्षांच्या सरावाच्या अक्षरात, आणि शेवटी ठसठशीत मागणी केली की जागा परत मिळावी. परिषदेच्या कार्यालयातल्या कारकुनाने तो चष्म्याखालून वाचला आणि परत दिला. आयुष्यात पहिल्यांदा माझी वही कुणी लाल शेरा मारून परत केली. तो समजावून म्हणाला, बाई, आम्ही फक्त वकिलाचं वागणं तपासतो. त्याला समज देऊ, काही काळ सनद काढून घेऊ, फारच झालं तर कायमचं नाव कमी करू. जागा, नुकसान, न्यायालयाचा हुकूम, यांतलं काही आमच्या हातात नाही. आणि हे सगळं शपथेवर लिहून आणा, पाच प्रतींत.

बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "म्हणजे त्याचा कान पिळणार, पण आपल्याला काय? जायचं ते जाणारच." मलाही तसंच वाटत होतं. मावशी पायऱ्यांवर थांबली. तिने विचारलं, त्याचा कान पिळताना हे लोक त्याला शपथेवर बोलायला लावतील ना? मी म्हटलं, लावतील. "मग चला, पाच प्रती करू," ती म्हणाली.

तक्रार दाखल झाली, पण तिथे वर्ष वर्ष तारीख लागत नसे आणि आमच्याकडे सहाच महिने होते. मावशीने दर सोमवारी परिषदेच्या दारातल्या खुर्चीवर बसायला सुरुवात केली. भांडण नाही, रडणं नाही. मांडीवर बँडची चळत, हातात सुई. येणारे-जाणारे वकील ओशाळून नमस्कार करत. काहींनी तिच्याकडे यायचं सोडलं, तेही खरं. वकिलावर तक्रार करणारीकडे गाऊन शिवायचा म्हणजे काय, असं बार रूममध्ये बोललं जाई. दहाव्या सोमवारी कारकून स्वतः बाहेर आला आणि तारीख सांगून गेला. मला वाटतं, परिषदेच्या सचिवांना त्या सुईचाच ताण आला असावा.

सुनावणीची खोली शाळेच्या प्रयोगशाळेएवढी होती. लांब टेबल, मागे तीन सदस्य, मधल्या खुर्चीवर अध्यक्षा. मावशी माझ्या कानाला लागून म्हणाली, "चौदा. डावा खांदा जरा उतरता आहे." तिघांच्याही अंगावर मावशीनेच शिवलेले गाऊन होते. अध्यक्षाबाईंनी ते आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, आम्ही तिघेही यांच्याकडे शिवतो, कुणाची हरकत असेल तर दुसरी समिती नेमू. साडेसतरा हसला. "हरकत घेतली तर समितीच मिळायची नाही, मॅडम. सगळे तिथंच शिवतात. माझी हरकत नाही." तसं लिहून त्याने सही केली.

मग अध्यक्षाबाई मावशीकडे वळल्या. "मावशी, आधीच सांगते, मागून वाईट वाटायला नको. आम्ही यांची सनद काढू शकतो. तुमची जागा देऊ शकत नाही. तो हुकूम न्यायालयाचा आहे, त्याला आम्ही बोटसुद्धा लावू शकत नाही."

"तुम्हाला जे करता येतं तेवढं नीट करा," मावशी म्हणाली. "बाकीचं मी बघते."

साडेसतराने शपथ घेतली. अस्खलित बोलत होता. वर्गात पाठांतर म्हणून दाखवणारा हुशार मुलगा असतो ना, तसा. तडजोडीच्या दिवशी मावशी सकाळी अकरापासून न्यायालयात हजर होत्या, पुकारा झाला तेव्हा त्या माझ्या मागे उभ्या होत्या, मी विचारलं आणि त्यांनी मान हलवली. त्याचं खरं की हिचं, हे कोण ठरवणार? साक्षीदार नाही, कागद नाही.

डावीकडचे सदस्य म्हणाले, अडीचशे प्रकरणं चालवता, आणि त्या एका सकाळचं एवढं बारीक कसं आठवतं?

त्याने क्षणभर विचार केला, आणि मला दिसलं की त्याला काहीतरी छान सापडलं. तो म्हणाला, त्या दिवसाचं कारण आहे. मी नेमका त्या दिवशी ज्युनिअरचा गाऊन घातला होता, तो मला आखूड, आणि न्यायाधीशांनी सगळ्यांदेखत टोकलं. न्यायालयाच्या त्या दिवसाच्या रोजनाम्यातसुद्धा तो शेरा आहे. त्याने कागद पुढे केला. शेरा खरोखर होता.

"तुमचा स्वतःचा गाऊन कुठं होता?" अध्यक्षाबाईंनी विचारलं.

"मावशींकडेच. खांद्याची पट्टी फाटली होती. सकाळी दहाला टाकला आणि जेवणाच्या सुट्टीत घेतला."

उजवीकडच्या सदस्यांनी पेन खाली ठेवलं. अध्यक्षाबाईंनी मावशीकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेच पाहिलं, आणि फार सावकाश विचारलं, "पट्टी नवी घातली?"

"हो."

"म्हणजे मागच्या चुण्या सगळ्या उसवून पुन्हा घातल्या."

"हो, तसं असेल." आणि 'असेल' म्हणता म्हणता त्याला कळलं. मी आयुष्यभर मुलांचे चेहरे वाचले आहेत. उत्तर लिहून झाल्यावर आपली चूक दिसलेला चेहरा मला लगेच ओळखू येतो.

मावशीच्या दारातल्या बाकावर त्या तिघांनीही कधी ना कधी सकाळच्या सकाळ घालवली होती. चुण्यांना तीन तास लागतात, त्यांत ती उठत नाही, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तरी अध्यक्षाबाई शिस्तीच्या. आम्हाला वैयक्तिक माहीत असलेलं इथे चालणार नाही, असं म्हणून त्यांनी मावशीलाच शपथेवर विचारलं. त्या दिवशी काय झालं?

मावशी उभी राहिली. म्हणाली, तारीख मला आठवत नव्हती, माझ्याकडे रोजच कुणाचा ना कुणाचा गाऊन असतो. पण आता आठवलं. "हेच म्हणाले, आज नुसती तारीख आहे, तुम्ही कशाला येता मावशी, त्यापेक्षा माझा गाऊन तेवढा करून ठेवा. मी बसले. मी इथं त्यांचा खांदा शिवत होते आणि तिथं ते माझी जागा देऊन टाकत होते." आवाज चढला नाही. नंतर नणंदेची साक्ष झाली. त्या सकाळी बाकावर ताटकळलेल्या दोन वकिलांची नावं तिने सांगितली, आणि ते दोघेही पुढच्या तारखेला येऊन खरं बोलून गेले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. हात पदराखाली धरून बसले.

निकाल लागला. अशिलाच्या संमतीशिवाय तडजोड केली, शपथेवर खोटं सांगितलं. एक वर्ष सनद निलंबित. कारकून म्हणाला त्याप्रमाणे जागेबद्दल एक अक्षरही नव्हतं. आणि जागा खाली करायला उरले होते सहा दिवस.

आता मावशीच्या मनात काय होतं ते मला कळलं. हा निकाल, त्यातली त्याची शपथेवरची साक्ष, हे घेऊन न्यायालयात जायचं आणि तडजोड रद्द करा म्हणायचं. परिषदेला जे करता येत नव्हतं ते न्यायालयाला येत होतं. पण त्यासाठी निकालाची शिक्का मारलेली नक्कल हवी, आणि नक्कल विभाग म्हणाला, आठ दिवस. नणंद तिथेच खाली बसली. मावशी खिडकीशी हुज्जत घालू लागली. मला भिंतीवरचं सगळं वाचायची जुनी खोड आहे. पाण्याच्या पिंपामागे एक पिवळी पडलेली सूचना होती, निम्मी झाकलेली. मी पिंप सरकवलं. निकडीचं कारण लेखी दिल्यास नक्कल दुसऱ्या दिवशी मिळेल. मी ती मोठ्याने वाचली, प्रार्थनेनंतरच्या सूचना वाचायचे तशी. खिडकीतला माणूस म्हणाला, ही पाटी अजून आहे होय?

दुसऱ्या दिवशी चार वाजता नक्कल हातात पडली. तिसऱ्या दिवशी नव्या वकीलबाईंनी अर्ज टाकला. या बाई मावशीने निवडल्या त्या एका गुणावर, की त्या प्रत्येक कागद वाचून दाखवल्याशिवाय सही घेत नसत. पाचव्या दिवशी पुकारा झाला. आम्ही तिघी मागच्या भिंतीला टेकून उभ्या होतो आणि नणंदेने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. न्यायाधीशांनी नक्कल वाचली, पान उलटलं, पुन्हा मागचं पान वाचलं. मग म्हणाले, तडजोडीचा हुकूम रद्द, दावा पुन्हा पटावर घेऊन चालवायचा. पुढचा आदेश होईपर्यंत जागेला हात लावायचा नाही.

मावशीने मला विचारलं, "म्हणजे जिंकलो का, बाई?" मी खरं तेच सांगितलं. जिंकलो नाही, पण आता निदान आपल्यासमोर हरवावं लागेल. नणंद म्हणाली, तेवढं तर तेवढं. आणि भर न्यायालयाच्या आवारात तिने वहिनीला उचललं. बरीच वर्षं काजं करून तिच्या हातात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

त्याला आता दीड वर्ष झालं. टाचणीमावशी त्याच जिन्याखाली बसते, प्रत्येक तारखेला स्वतः न्यायालयात हजर राहते, आणि दाव्याची पुढची सुनावणी येत्या नऊ तारखेला आहे.