आईचं मनगट

माझ्या आईने माझ्या घरचं अन्न कधीच खाल्लं नाही. आमच्याकडे तशी पद्धत होती. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं जेवायचं नाही. बहुतेक घरांत ही पद्धत वर्षा-दोन वर्षांत बारशाच्या पंगतीला मिटून जाते. माझ्या घरी बारसंच झालं नाही.

हे आधी सांगून टाकते, कारण मी जे केलं ते या पद्धतीपायी केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावत आले. ते पुरतं खरं नाही. मी ते वहिनीपायी केलं.

वहिनी म्हणजे माझ्या मामाची मुलगी. भावाला मामाचीच पोरगी केलेली, त्यामुळे ती सासूला आत्या म्हणायची, आणि आई तिला ‘पोरी’ म्हणायची. मला आई ‘बाई’ म्हणे. लग्न झाल्यापासून मी बाई झाले. पाहुण्या बाईशी बोलावं तसं ती माझ्याशी जपून बोलायची. वहिनीला मात्र शिव्या द्यायची. त्या शिव्यांचा मला किती हेवा वाटायचा ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात, दिवाळी होऊन गेल्यावर, भाऊ आईला पाथर्डीकडून एस.टी.ने भिंगारला घेऊन आला. माझे यजमान लष्कराच्या डेपोत कारकून होते आणि आम्हाला दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर होतं. आईचे पाय घोट्यापर्यंत सुजलेले होते. दाराच्या दोन पायऱ्या चढताना तिला मध्ये थांबावं लागलं. तिच्या मागे वहिनी होती. डोक्यावर बोचकं आणि हातात कोळशाची शेगडी.

शेगडी पाहिली आणि मला काय ते कळलं.

“ही कशाला आणलीस?”

“आत्याच्या भाकरीला, वन्सं,” वहिनी म्हणाली. “पीठ बी आपलंच आणलंय. तुमाला तरास न्हाई.”

“आणि पाणी? ते पण गावाहून आणलंय का?”

खाटेवर टेकलेल्या आईने धाप लागली होती तरी उत्तर दिलं. “पानी सरकारच्या नळाचं हाय. ते चालतं. खोली बी सरकारचीच हाय, म्हनून तर आले.”

भाऊ हसला. यजमानही हसले. मी चहा ठेवायला आत गेले आणि आईचा कप न काढता चार कपांत चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी नगरला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर वयस्क होते, बोलायला सौम्य. त्यांनी छातीचा फोटो काढला, कार्डिओग्रामची पट्टी काढली, आणि आम्हा भावाबहिणीला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की हृदय मोठं झालंय आणि थकलंय. दोन वाटा आहेत. पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात नेऊन ठेवायचं, तिथे आणखी तपासण्या होतील, पण या वयात फार काही निराळं करतील असं वाटत नाही. नाहीतर इथलंच औषध चालू ठेवायचं. मीठ बंद. लघवीची गोळी. आणि एक बारकी पांढरी गोळी, रोज सकाळी. ती गोळी द्यायच्या आधी एक मिनिट नाडी मोजायची. साठाच्या खाली असली तर त्या दिवशी गोळी द्यायची नाही.

“ती गोळी चांगली आहे, पण तिच्यात चूक चालत नाही,” ते म्हणाले. “नीट मोजणारं माणूस घरात असेल तर महिन्याभराने आजींना गावी न्यायला हरकत नाही.”

भावाने आईला विचारलं, “पुन्याला जायचं का?”

“पुन्यात माझं कोन हाय?” आई म्हणाली. “मला घरी ने. माझ्या दारात निंबाखाली पडून ऱ्हाईन.”

पुणं नको असं मीही म्हणाले. ते बरोबरच होतं. पण तोंडाने पुणं नको म्हणताना मनात मी गावही नको म्हणत होते. आई महिनाभर का होईना माझ्याकडे राहणार होती, आणि महिना संपूच नये असं मला वाटत होतं.

त्या महिन्यात माझं घर माझं राहिलं नाही. बाहेरच्या खोलीत एका कोपऱ्यात शेगडी पेटायची. दुष्काळात रेशनवर मिळायची ती अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, तिचं पीठ. भाकरी थापताना चिरायची आणि वहिनी तिला गोंजारत सांधायची. मीठ नाही म्हणून आई कुरकुरायची.

“हे काय वाढलंस, पोरी? ह्याला काय चव हाय का? म्हशीला दिलं तर ती बी तोंड फिरवंल.”

“म्हस फिरवंल, आत्या. तुमी खावा.”

“तुझा बाप असाच हुता. दुसऱ्याला बेचव खायला घालून सोता लोनचं चाटायचा.”

दोघी हसायच्या. मामाच्या लोणच्याची ती गोष्ट मलाही ठाऊक होती, पण मी हसले की त्या गप्प व्हायच्या, निदान मला तरी तसं वाटायचं. दुपारी वहिनी आईचे केस विंचरायची. मी आतल्या खोलीत उगीच डबे पुसत बसायचे आणि फणीचा आवाज ऐकायचे.

माझं म्हणून एकच होतं. सकाळची नाडी. घरात घड्याळ यजमानांचं, आणि सेकंदाचा काटा पाहून मोजणारी मी. आई हात पुढे करायची. तिच्या मनगटावर मी तीन बोटं ठेवायचे. कातडी सैल झालेली, आत ती ठोक्याठोक्याने उडणारी शीर. तेवढं एक मिनिट आई बोलायची नाही, हलायची नाही, कुणाकडे बघायची नाही. लहानपणानंतर मी तिला इतका वेळ धरून ठेवलेलं मला आठवत नाही. मोजून झालं तरी मी कधी कधी हात सोडत नसे.

एक दिवस वहिनी म्हणाली, “वन्सं, मला शिकवा की. घरी गेल्यावर मलाच करायचंय.”

ती चौथी शिकलेली होती. मी तिला घड्याळ दाखवलं. बारीक काटा बारावर आला की सुरू करायचं, पुन्हा बारावर आला की थांबायचं. तिने बोटांच्या पेरांवर मोजलं. आधी मी मोजले होते, मग तिने मोजले.

“अडुसष्ट,” ती म्हणाली.

मलाही अडुसष्टच आले होते.

“चुकलं,” मी म्हणाले. “पंचाहत्तर आहेत.”

हे मी ठरवून बोलले नाही. बोलून गेल्यावर मात्र ते मागे घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिचा आकडा बरोबर असायचा, कधी एखाद्याने इकडेतिकडे, आणि मी मान हलवायचे. चौथ्या दिवशी तिच्या कपाळावर घाम दिसला. आई म्हणाली, “का गं पोरी, माझं काळीज तुला सापडंना व्हय?” वहिनी हसली नाही. मला मात्र बरं वाटलं. किती बरं वाटलं ते लिहायला आज हात अडखळतो, पण वाटलं हे खरं आहे.

महिन्याने भाऊ न्यायला आला. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा आईची सूज उतरली होती. तिने बोचकं बांधून ठेवलं होतं, परस्पर एस.टी. धरायची म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, “घरी नाडी कोण बघणार?”

वहिनीने पदर सावरला. “मला न्हाई जमत, सायेब. लई येळा केलं. चुकतंच. माझ्यामुळं काई झालं तर?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “माझ्याकडे राहू द्या.”

भाऊ आणि वहिनी दोघंच गेली. त्यांची पोरं शेजाऱ्यांकडे होती, आणि भावाला दुष्काळी तलावाच्या कामावर खाडे परवडत नव्हते. शेगडी आणि पीठ राहिलं. आई दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. मी तिला आत घेऊन आले. मनात म्हटलं, आता ही माझी. आता भाकरी मीच करणार, आणि ही किती दिवस नाही म्हणेल?

दुसऱ्या दिवशी मी भाकरी केली, बिनमिठाची आमटी केली आणि ताट तिच्यापुढे ठेवलं. तिने ताटाला नमस्कार केला, ते बाजूला सारलं आणि उठून शेगडीपाशी गेली. स्वतः पीठ मळायला बसली. त्यानंतर रोज तसंच. ती थापायची, थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा थापायची. मी केलेलं तसंच झाकून राहायचं.

एका सकाळी नाडी मोजली तर ती बरीच वाढलेली होती, आणि पायावर बोट दाबलं तर खळगा पडला. तरी ती शेगडीकडे निघाली. अर्धी भाकरी थापून झाली आणि तिचा हात परातीतच थांबला. ती भिंतीला टेकली. ओठ काळपट पडले होते. मी तिला धरून बसले. श्वास ठिकाणावर यायला बराच वेळ लागला. मग माझा राग बाहेर पडला.

“मरशील, पण माझ्या हातचं खाणार नाहीस. तुझ्या पोरीच्या हातचं बरं चालतं. मी कुणीच नाही का तुझी?”

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

“येडी का काय तू,” ती म्हणाली. बाई म्हणायला ती विसरली. “ज्या दिशी मी हितं जेवंन त्या दिशी मी आशा सोडली असं हुईल. तुझी. सगळ्यांनी सोडली. तुझ्या सासूनं सोडली. मी बी सोडू?”

मी तेव्हा चौतिशीत होते. खरं तर मी स्वतःही सोडली होती.

मी तिच्या हाताचं पीठ पुसलं. ती मला धरून उठली आणि म्हणाली, “मला घरी ने.” या वेळी मी, रोज म्हणायचे तसं, उद्या म्हणाले नाही. दुपारी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लघवीची गोळी वाढवली आणि चूल बंद करायला सांगितली. “गावी माझी वहिनी नाडी नीट मोजते,” मी म्हणाले. त्यांनी भुवया उंचावल्या. “मागे त्या नाही म्हणाल्या होत्या.” मी म्हणाले, “मी तिला चुकीचं सांगत होते.” त्यांनी कसं ते विचारलं नाही. सूज उतरल्यावर न्यायला परवानगी दिली. तेवढे दिवस यजमान रोज शेजारणीला आईचं पीठ नेऊन देत, आणि ती भाकऱ्या करून पाठवी. त्या आई मुकाट्याने खायची. मी तेही पाहिलं.

वहिनीला घड्याळ देऊन टाकायला यजमानांनी थोडी कुरकुर केली. मग म्हणाले, डेपोचा भोंगा असताना मला घड्याळ कशाला.

गावी पोचलो तेव्हा वहिनी गोठ्यात होती. हात धुऊन आली. मी घड्याळ तिच्या हातात दिलं आणि आईचं मनगट तिच्यापुढे धरलं.

“मोज.”

“वन्सं, मला…”

“मोज तर.”

तिने मोजलं. ओठ हलत होते. मी दुसरं मनगट धरून मोजत होते. “बहात्तर,” ती भीत भीत म्हणाली.

“बरोबर,” मी म्हणाले.

ती घड्याळाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “तवा बी बरोबरच हुतं का वो?”

मी हो म्हणाले. एवढंच. माफी मागायला आणखी शब्द लागतात, ते मला तेव्हा आले नाहीत. तिने घड्याळ पदराच्या टोकाला बांधलं आणि चुलीकडे वळली. तिची बोटं सुटल्यावरही आईचा हात तसाच पुढे होता, तिच्या दिशेने. ते मला दिसलं. सगळं कबूल केल्यावर हेवा जातो असं म्हणतात. माझा गेला नाही.

चुलीपाशी बसलेली वहिनी मध्येच उठली. “या वन्सं, तुमी थापा,” ती म्हणाली. “चूल आत्याची हाय. हितं त्यास्नी तुमच्या हातचं चालतंय.”

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माहेरी आले की मी पाहुणीसारखी बसायचे आणि वाढलेलं जेवायचे. मी परात पुढे ओढली. मिलोचं पीठ मला सांधता येईना, भाकरी कडेला फाटली. तशीच तव्यावर टाकली, आणि आईला वाढली.

आईने तुकडा मोडला, चावला, आणि भाकरीची कड बोटाने चाचपली.

“कडा जाड ऱ्हाईल्या,” ती म्हणाली. “पोरीच्या पातळ असत्यात.”

वहिनीने हसू लपवायला पदर तोंडाला लावला. आईने ती भाकरी संपवली आणि दुसऱ्या भाकरीसाठी ताट माझ्याकडे सरकवलं.