जर्मनीच्या पेटीतला लाल डाग

त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. सत्तरच्या दशकात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मी टायपिस्ट होतो आणि तो पेठ वडगावहून सायकलनं येऊन परदेशी जाणाऱ्या पोलादी मालाच्या पेट्या ठोकायचा. ओठांत चार खिळे धरून बोलायचा, तेही ओरडून. "इराण कमी झालं की ओ सायेब! आता सुदान लई चाललंय!" कुठल्या देशाची मागणी वाढली, कुठली आटली, ते त्याला माझ्या फायलींच्या आधी कळायचं.

जर्मनीची पहिली ऑर्डर आली तेव्हा तो नाचायचाच बाकी राहिला. ज्यांची यंत्रं बघून आम्ही शिकलो, त्यांनाच आमचं पोलाद!

दोन महिन्यांनी तिकडून पत्र आलं. एका नगावर लाल डाग आहे, गंज असावा, खुलासा करा. मालकांचा चेहराच उतरला. मी धावत पेट्यांकडे गेलो. त्यानं तोंडातले खिळे काढले. असं मी पहिल्यांदाच बघितलं.

"गंज न्हाय ओ, कुंकू हाय त्ये! लेक सासरला निघाली, मोकळ्या कपाळानं धाडू व्हय?"

मी तोच खुलासा टाइप केला. उत्तर आलं आणि मी ते त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं: डाग पुसला, माल उत्तम, आता दुप्पट पाठवा!

आम्ही सगळे ओरडलो. तो मात्र एकाच शब्दावर अडला.

"पुसलं?"

मग चार खिळे परत ओठांत गेले.

"ह्या टायमाला नगाच्या भोकात, पार आत लावतो. बघू जर्मनाचं फडकं कुठवर पोचतंय!"