धाकूच्या हातातला दोर

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला काळुराम पाण्याखाली डोळे मिटून काम करायचा. खाडीत उघडे ठेवून तरी काय दिसणार, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. होड्यांचे तुटलेले नांगर, तळाशी अडकलेली जाळी, एकदा तर कुणाच्या लग्नातलं पितळी घंगाळ, असलं सगळं तो चाचपून वर आणायचा. मी ठाण्यात राहायचो आणि मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. १९५४ साली आमच्या प्रोफेसरांना खाडीतल्या एका बेटाभोवतीचे जलचर नोंदवायची लहर आली. त्यांना स्वतःला होडी लागायची, म्हणून नोंदवायला मी गेलो.

बेटाला नकाशात नाव नव्हतं. कोळीवाड्यात त्याला नुसतं 'जुवं' म्हणत. तिवरांची झाडी आणि कडेला मांडीभर चिखल, एवढाच त्याचा थाट. पण त्याच्या भोवतीचा तळ काळुरामला स्वतःच्या स्वयंपाकघरासारखा पाठ होता. उत्तरेच्या टोकाला कालवांचा खडक, तिथे हात कापतो. पश्चिमेला मऊ गाळ, तिथे शेपटीला विषारी काटा असलेलं पाकट पडून असतं, म्हणून पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा, मग ते आपणहून बाजूला होतं. दक्षिणेला चार पुरुष खोल पाण्यात मिठाचा एक पडाव, म्हणजे माल वाहणारी मोठी होडी, बुडालेला होता. मीठ केव्हाच विरघळलं होतं, पडाव राहिला होता. त्या पडावाच्या पोटात एक माणसाएवढा गोब्रा राहतो, असं काळुराम सांगायचा. गोब्रा हा भोकात राहणारा मासा, एकदा जागा धरली की सोडत नाही. काळुराम त्याच्या गालावर हात ठेवायचा आणि तो ठेवू द्यायचा.

ह्या माशापायी धाकू त्याच्याशी पाच वर्षं बोलला नव्हता.

धाकू म्हणजे काळुरामच्या बायकोचा, सगुणाचा, धाकटा भाऊ. त्यांच्या घराण्यात अशी रीत, की बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि दोराचं दुसरं टोक बायकोच्या भावानंच धरायचं. सख्खा भाऊ चालत नाही, त्याचा घरात वाटा असतो. मित्र चालत नाही, त्याचं लक्ष विडीत असतं. बहीण विधवा होऊ नये ही काळजी एकट्या मेव्हण्याला. आमच्या कॉलेजच्या नियमावलीपेक्षा ही रीत जास्त विचार करून केलेली आहे, असं माझं मत झालं.

भांडण झालं १९४९ साली, एका हळदीच्या मांडवात. काळुरामनं गोब्र्याची गोष्ट काढली आणि धाकू पाहुण्यांसमोर हसला. "खारीत यवरा गोब्रा नसतं, भावजी."

काळुरामनं सगळ्यांदेखत सुनावलं, "तू कवा डोकं तरी बुरवलंस पान्यात? दोर धरनाऱ्यानं दोर धरावा."

हे धाकूच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. तो पोहायचा चांगला, पण मान वर ठेवून. पाण्याखाली डोकं घालायची त्याला लहानपणापासून धास्ती होती. त्यानं तिथल्या तिथे एकवीरेची शपथ घेतली, की तो मासा दाखवलास तरच तुझ्याशी बोलेन. दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीप्रमाणे दोर घेऊन होडीत हजर होता. रुसवा वेगळा आणि बहीण वेगळी.

तेव्हापासून एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे सामान ओढ, तीन म्हणजे मला ओढ, एवढंच त्यांचं संभाषण. बाकीचं सगुणामार्फत. धाकू तीन हातांवर बसलेला असताना काळुराम म्हणायचा, "सगुणा, तुज्या भावाला सांग, उद्या ओहोटी उशिरा हाय." सगुणा मासळी साफ करत म्हणायची, "ऐकलंय त्यानं. भयरा तू हायेस, त्यो नाय."

हे मात्र निम्मं खरं होतं. इतकी वर्षं बुड्या मारून काळुरामचा उजवा कान बावन्न सालीच गेला होता. डॉक्टर म्हणाले, बुडी सोड, नाहीतर डावाही जाईल. बुडी सोडून पोट कसं भरायचं, हा प्रश्न कानाच्या डॉक्टरांकडे नेण्यात अर्थ नव्हता. काळुरामला वेगळाच घोर होता. एकदा तो मला म्हणाला, "मास्तर, यो कान हाय तवर धाकू बोलला पायजे. मंग बोलून काय उपेग?"

"मग मासा मारून आण की वर," मी म्हणालो.

त्याच्या देवघरात मी चपला घालून शिरावं, तसं तो माझ्याकडे बघत राहिला. मला लाज वाटली. ती झाकायला मी दुसरी तोड काढली. लढाईनंतर मुंबईच्या भंगारबाजारात पाणबुड्यांचे काचेचे मुखवटे आले होते, त्यांतला एक मी मिळवला. मी स्वतः खाली जाईन, मासा बघेन आणि धाकूला साक्ष देईन. शिकलेल्या माणसाची साक्ष तो मानेल, असं मला वाटलं. मी गेलो. मला पाणी दिसलं. ते चहाच्या रंगाचं होतं. माझा स्वतःचा हात कोपरापासून पुढे दिसला नाही. दोन दिवस नाकातून गाळ निघत होता. धाकूनं माझी साक्ष ऐकून घेतली आणि दोर गुंडाळायला लागला.

आश्विनात काळुरामचा डावा कान ठणकायला लागला. त्या आठवड्यात एका सकाळी तो होडीत चढला तेव्हा त्याच्या कमरेला मोठा लोखंडी गळ लटकत होता. धाकूनं तो पाहिला. मीही पाहिला. धाकूनं विचारायचा प्रश्नच नव्हता आणि मला धीर झाला नाही. पडावावर पोचलो, पाणी स्थिर होतं. काळुराम गेला.

धाकू नेहमी मनात आकडे मोजायचा. साठाच्या पुढे त्याचे ओठ हलायला लागायचे. नव्वदला तो उभा राहिला. तीन हिसके आले नाहीत, एकही आला नाही. त्यानं ओढलं तर दोर ताठ. खाली पडावाच्या फळ्यांत कुठेतरी तो अडकला होता. धाकूनं दोराचं टोक माझ्या हातात कोंबलं. ह्या घराण्यात बायकोचा भाऊ नसलेल्या माणसानं दोर धरल्याची ही पहिलीच वेळ असेल. आणि तो डोकं खाली घालून पाण्यात गेला.

मला वाटलं आता दोघंही गेले. मी तो दोर इतका घट्ट धरला होता, की नंतर बोटं उलगडून घ्यावी लागली. मग दोर सैल झाला आणि दोन डोकी वर आली. काळुरामच्या दोन्ही कानांतून रक्त येत होतं. कमरेचा गळ जसाच्या तसा होता, त्याला बांधलेली सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. मासा मारायला गेलेला माणूस त्या माशाच्याच गालावर हात ठेवून बसला होता तर.

धाकू होडीला धरून खोकला, ओकला आणि म्हणाला, "हाय. हाय रे हाय, भावजी. माज्या छातीला घासून गेला. म्हशीवानी हाय!"

मग तो थांबेचना. कोळीवाडा येईपर्यंत पाच वर्षांचं साचलेलं बोलला. काळुराम त्याच्या तोंडाकडे बघत मान हलवत होता.

चार दिवसांनी मी भेटायला गेलो. दोघं ओटीवर जाळं विणत होते, धाकू बोलत होता. मी मुकाट्यानं कानाकडे बोट केलं. काळुरामनं मान हलवली, नाही म्हणून. मग माझा दंड धरून मला जवळ ओढलं आणि त्याच्या मते अगदी हळू आवाजात म्हणाला, "काय पन ऐकू येत नाय, मास्तर. पन त्याला सांगू नका. पाच वर्सांनी बोलतंय पोर."

चार घरं पलीकडे भाकरी थापणारी बाई थांबली, इतक्या मोठ्यानं. धाकूचे हात जाळ्यावर थांबले. त्यानं सगुणाकडे पाहिलं, सगुणानं पदर तोंडाला लावला.

मग धाकूनं नाक ओढलं, जाळं पुन्हा हातात घेतलं आणि म्हणाला, "तर काय सांगत होतो, भावजी..."