पोळी बंद

शैला गेली त्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. मुंबईच्या हॉस्पिटलात मी तिच्या खाटेजवळ बसलो होतो. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसायची. तिची आई खाली चहा घ्यायला गेली होती. शैला डोळे मिटून पडलेली, मला वाटलं झोपली. डोळे न उघडताच ती म्हणाली, "आबा, एक विचारू? मी लहान असताना त्या रत्नागिरीच्या डॉक्टरांनी खरंच काही सांगितलं नव्हतं?" मी म्हणालो, "नाय." तिनं डोळे उघडले नाहीत. मग म्हणाली, "बरं"... आणि उशी वर सरकवायला सांगितली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली ते पाण्यापुरतं, औषधापुरतं.

ते 'नाय' खोटं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं. आज दीड महिना झाला तिला जाऊन. माझी मुलगी कशी होती ते चार लोकांना सांगावं म्हणून लिहायला बसलो, तर पहिली ओळ हीच लिहावी लागली. ही टाळली तर पुढचं सगळंच खोटं होतं. मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरी नाही. पण जन्मात कोणापुढे वाकलो नाही, कोणाला विचारायला गेलो नाही, याचा मला मोठा अभिमान होता. त्या अभिमानानं काय केलं ते सांगतो.

शैला आठ वर्षांची होती. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हातपाय काटक्या, खाल्लेलं अंगाला लागायचं नाही. अंगारे झाले, काढे झाले, शेवटी मी तिला एसटीत मांडीवर घेऊन रत्नागिरीला नेलं. डॉक्टर घाटावरचे, नवीनच आलेले, बोलणं भरभर. त्यांनी रक्त घेऊन तपासायला मुंबईला पाठवलं आणि पंधरा दिवसांनी परत बोलावलं. त्या दुसऱ्या खेपेला ती बाकावर बसून कंटाळली, म्हणून मी पिशवीतला आंबापोळीचा तुकडा तिच्या हातात दिला. तो चघळतच ती आत आली. डॉक्टर कागदावर इंग्रजीत लिहीत होते. लिहिता लिहिताच म्हणाले, "हिला पोळी बंद. पाव नको, बिस्किट नको. भात द्या, तांदळाची भाकरी द्या, मासे, फळं, हवं ते द्या. पण पोळीचा एक घाससुद्धा पोटात जाता कामा नये. समजलं ना?"

मी म्हणालो, "समजलं."

आता काय समजलं ते ऐका. आमच्या गावात गव्हाची ती चपाती. तिला पोळी कोणी म्हणत नाही. आमची पोळी म्हणजे आंब्याची नाहीतर फणसाची, रस ताटात पसरून उन्हात थरावर थर वाळवलेली. फार तर शिमग्याची पुरणाची. पोरीच्या हातात तीच आंब्याची पोळी होती. पाव, बिस्किट, पोळी... मी मनाशी म्हटलं, बरोबर आहे, हा सगळा तोंड चाळवायचा खाऊ, त्यानं पोरगी जेवत नाही, डॉक्टर खाऊ बंद करायला सांगतायत. शिकलेल्या घरांत चपातीला पोळी म्हणतात हे मी ऐकलं नव्हतं, असंही नाही. ऐकलं होतं. त्या खोलीत आठवलं नाही. थोडा गोंधळ वाटला होता, फळं चालतात आणि आंब्याची पोळी चालत नाही, हे कसं? पण तिथे आणखी दोन बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मला अडाणी ठरायचं नव्हतं. मी कागद घडी करून खिशात घातला आणि उठलो.

घरी येऊन आंबापोळीचा डबा माळ्यावर चढवला. शैला रडली. तिची आई म्हणाली, "अवो, तो कागद शाळेतल्या गुरुजींना तरी दाखवा." मी म्हटलं, "कशाला? मी काय बहिरा हाय? माझ्या कानांनी ऐकलंय." आणि पोरगी अशक्त, तिला ताकदीचं काहीतरी हवं, म्हणून मी चांगला गहू आणून दळून घेतला. आम्ही दोघं तांदळाची भाकरी खायचो, तिच्यापुरत्या रोज दोन चपात्या, वर तूप. ती म्हणायची, "आबा, नको, पोटात दुखतं." मी समोर बसायचो, संपल्याशिवाय उठू द्यायचो नाही. शेवटचा घास माझ्या हातानं भरवायचो. चार वर्षं.

मग ती शाळेत चक्कर येऊन पडली. तिच्या मामानं तिला मुंबईला नेलं, मीही बरोबर गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की हिच्या आतड्याला गहू सोसत नाही, गव्हानं ते आतून सोलून निघतं, जन्मभर चपाती, पाव, मैदा वर्ज्य. चपाती म्हणाल्या त्या... माझ्या कानात काहीतरी वाजलं. त्यांनी विचारलं, "याआधी कोणी सांगितलं नाही तुम्हाला?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "नाय." मेव्हणा तिथेच रत्नागिरीच्या डॉक्टरांच्या नावानं बोलायला लागला आणि मी मान डोलावली. गावी आल्यावर तो कागद न्हाणीच्या चुलीत घातला. पुढे किती वर्षं शैलाची आई घरोघर सांगत फिरली, "त्या डॉक्टरकडे जाव नका, माझी पोर मारलीन होती त्यानं." मी बाजूला बसून ऐकायचो.

गहू थांबला तशी शैला सुधारली, पण उंची गेली ती गेलीच. मोठी झाली तरी आठवीतल्या पोरीएवढी दिसायची. दोन स्थळं आली, बघून गेली, मग तिनंच तो विषय बंद केला. दापोलीला शिकली, तिथेच फळांचे रस आणि मुरंबे करणाऱ्या एका लहान कारखान्यात नोकरीला लागली. स्वभावानं हसरी. मला चिडवायची, "आबा, तुम्ही एवढ्या मायेनं चपात्या भरवल्यात की मी वाढायचीच विसरले." सगळे हसायचे. मीही हसायचो. कसा हसायचो ते माझं मला माहीत.

नाताळच्या सुट्टीत ती दापोलीहून एसटीनं यायची, काखेत बर्फाचा डबा, त्यात चीजच्या वड्या. आली की पहिली हाक, "आबा, काड्या करा." मी माडाच्या झावळीचे हीर काढून, साफ तासून, बोटाएवढ्या काड्या करून द्यायचो. मग ती पाटावर बसायची. आंबापोळी आईनं मे महिन्यात घातलेली, दोन बोटं रुंद पट्ट्यांत कापायची. पट्टीला पट्टी चिकटू नये म्हणून लोक पीठ भुरभुरतात, ते हिला चालायचं नाही, ही पिठीसाखर लावायची. चीज थंडगार असतानाच कापायचं, नाहीतर सुरीला बसतं. चौकोनी तुकड्याभोवती पट्टीचा एक वेढा, वर पेरूची फोड, लिंबू चोळलेली म्हणजे काळी पडत नाही, आणि सगळं एका काडीत ओवायचं. अननस मिळाला तर पेरूच्या जागी अननस. शेवटी मिरपूड चिमूटभर. चूल नाही, तेल नाही, कणीक नाही. "माझं ताट" म्हणायची ती त्याला. बाहेरचं काहीही खाताना शंभर प्रश्न विचारावे लागायचे तिला, यात काय, त्यात काय. हे एकच ताट असं, की ज्याबद्दल तिला कोणाला काही विचारावं लागत नव्हतं.

मी पहिल्यांदा ते चीज बघून म्हटलं, "हा साबण कोण खाणार?"

"तुम्हीच खाणार. आणि दुसरी काडी मागणार."

"मेलो तरी नाय."

"मग मेल्यावर दहाव्याच्या वाडीला ठेवते. कावळा नाही शिवला तर बघा."

मी खाल्लं. गोड, खारट, तिखट एकदम तोंडात आलं. दुसरी काडी मागितली नाही, ती उठून आत गेल्यावर उचलली. तिला कळलं होतं. काड्या मोजून ठेवायची, डांबीस.

दोन वर्षांपूर्वी ती मला वेळणेश्वरला घेऊन गेली. तिथे तिची एक मैत्रीण पर्यटकांना खोल्या देते. नाताळात घर भरलेलं, संध्याकाळी जेवणाआधी काहीतरी खायला ठेवायचं, ते शैलानं अंगावर घेतलं होतं. अंगणात टेबल मांडलं, त्यावर ताटं. पुण्याकडची एक बाई होती, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी, बारकी, डोळे मोठे. मुलीनं काडी उचलून तोंडात घातली आणि विचारलं, "मावशी, हे काय आहे?" शैला म्हणाली, "पोळीत चीज गुंडाळलंय."

ती बाई ओरडलीच. "पोळी? थुंक, थुंक आधी! हिला गहू चालत नाही हो, आधी सांगायचं ना!" पोरगी घाबरून रडायला लागली. शैला तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. बसल्यावर दोघी सारख्याच उंचीच्या. म्हणाली, "अहो ताई, ही आमच्याकडची पोळी. आंब्याचा वाळवलेला रस आहे नुसता. मलासुद्धा गहू चालत नाही. यात गव्हाचा कणही नाही, हिला पोटभर खाऊ द्या." त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "सुट्टीत कुठे गेलो की ही नुसती बघत बसते हो सगळ्यांची ताटं." पोरीनं पाच काड्या खाल्ल्या.

शैला हसत हसत माझ्याकडे वळली. "बघितलंत आबा? पोळी म्हटलं तर त्यांना चपाती वाटली!" आणि ते वाक्य तोंडातून निघता निघता तिचं हसू हळूहळू कमी झालं. माझ्याकडे बघत राहिली. मग साध्या आवाजात म्हणाली, "आबा, मी लहान असताना तुम्ही माझी आंबापोळी का बंद केली होती?"

तेव्हा सांगायला हवं होतं. समुद्राचा वारा होता, लोक खात होते, पोरगी खूश होती, ती जिवंत होती. रागावली असती, दोन महिने बोलली नसती, पण मग आली असती, मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "तुला खोकला व्हायचा." ती "हो का" म्हणाली आणि काड्या लावायला वळली. त्या दिवशी तिनं माझ्या काड्या मोजल्या नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात तिच्या आतड्यात गाठ निघाली. मी मुंबईच्या डॉक्टरांना एकटा गाठून विचारलं, लहानपणी चार वर्षं गहू पोटात गेला त्यानं हे झालं का? ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही." म्हणजे त्यानंच झालं असं कोणी म्हणत नाही. तसं नाही, असंही कोणी म्हणत नाही. हे 'सांगता येत नाही' घेऊनच मला आता मरायचं आहे. तिच्या वाडीला आईनं भात, वडे ठेवले. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती पोरीची. मी मान खाली घातली. इच्छा राहिली होती. एका उत्तराची.

महिन्यानंतर शैलाच्या आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली नाही. मग म्हणाली, "इतकी वर्सं मी त्या मानसाला शिव्या घातल्या, आनि तुमी बाजूला बसून ऐकत व्हतात." ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आदी त्याला जाऊन सांगा. मग माज्याशी बोला."

म्हणून गेल्या आठवड्यात रत्नागिरीला गेलो. दवाखाना तोच, बाकही तेच, वर नवा रंग. डॉक्टर आता बसत नाहीत, सून बसते. नंबर लागल्यावर आत गेलो. तिनं विचारलं, "पेशंट कोण, आजोबा?" मी म्हटलं, "पेशंट नाय. मोठ्या डॉक्टरांना एक गोष्ट सांगायची हाय." ती म्हणाली, "बाबा आता कोणालाच ओळखत नाहीत हो. मलाही नाही. काय ते मला सांगा." खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या, मांडीवर पोरं. मला सांगता येईना. तोंडात आलं ते भलतंच आलं. मी विचारलं, "बाई, तुम्ही डॉक्टर लोक पोळी म्हणता, ती कोणती ओ?"

ती काहीतरी लिहीत होती. लिहिता लिहिताच म्हणाली, "चपाती, आजोबा. का हो?"

बायकांपैकी कोणी हसलं नाही. कोणी वर बघितलंसुद्धा नाही. तिचा पेन थांबला नव्हता. विचारायला एवढाच वेळ लागला.