सुगीच्या रविवारी मी दिलेली साक्ष

ही गोष्ट मी आजवर उघडपणे कुणालाच सांगितलेली नाही. दोन माणसांना ती ठाऊक आहे, पण त्या दोघांना ती मी सांगण्याआधीच भोगावी लागली. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच तुमच्यापाशी बसून बोलायचं धाडस होतंय.

माझं नाव मालती. कामोठ्यात राहते, चौथी-पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. आमचं घर ख्रिस्ती, मूळ नगरकडचं. दर रविवारी नवीन पनवेलला उपासनेला जातो. आमची मंडळी, म्हणजे चर्च, लहान आहे, दुकानांच्या वरच्या मजल्यावर भाड्याचा हॉल आहे. तिथल्या बायकांची प्रार्थना बरीच वर्षं मीच चालवत होते. लोक म्हणायचे, मालतीताईंची प्रार्थना ऐकली की विश्वास वाढतो. आणि माझा विश्वास होता हो—तो खोटा नव्हता. देव आहे, तो दिलेला शब्द पाळतो, चांगलं पेरत राहिलं तर त्याच्या वेळेला पीक हाती येतं—हे तेव्हाही मला अगदी पक्कं ठाऊक होतं, आजही आहे. मग मी जे केलं ते कसं केलं? बघा, इथेच अडते मी.

आधी दिलीपबद्दल सांगते. दिलीप माझा नवरा. पळस्प्याजवळच्या एका गोदामात सुपरवायझर होता. हायवेला लागूनच बार आहेत, तिथं त्याचं बसणं सुरू झालं आणि मग ते रोजचंच झालं. त्यानं माझ्यावर कधी हात उचलला नाही. आवाजही चढवला नाही. तो फक्त नसायचा—घरात असला तरी नसायचा. मी रोज पहाटे उठून स्वयंपाकघरात ओट्याजवळ गुडघे टेकायची आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायची. कुजबुजत, कारण तो शेजारच्या खोलीत झोपलेला असायचा. वर्षं गेली. माझे गुडघे दुखायला लागले, पण त्याचं पिणं काही सुटलं नाही.

देवाचा मला राग आला नाही. लाज मात्र वाटायची. दर रविवारी कुणी ना कुणी विचारायचं, "दिलीपभाऊ नाही आले?" मी म्हणायची, ड्युटी आहे. दुसऱ्यांच्या आजारासाठी, नोकरीसाठी, लग्नासाठी माझ्याकडून प्रार्थना करून घेणाऱ्या या बायका—त्यांना कळलं असतं की माझ्या स्वतःच्या घरात काहीच उगवत नाही, तर? तुम्ही कधी अशा जागी उभे राहिला आहात का, जिथं लोकांना तुमच्या देवापेक्षा तुमचाच जास्त भरवसा असतो? फार गोड वाटतं ते. आणि ते सोडवत नाही.

आमच्याकडे वर्षातून एकदा सुगीचा रविवार असतो. उपकारस्तुतीचा. गावाकडे लोक त्या दिवशी शेतातलं धान्य आणून देवापुढे ठेवायचे. इथं शेतं कुणाची? आम्ही उरण नाक्यावरून दुधी, भोपळे, नारळ विकत आणतो आणि तेच पुढे नेऊन ठेवतो. त्या वर्षी पाळकसाहेबांनी पेरणी-कापणीवर संदेश दिला. कंटाळू नका, म्हणाले. बी जमिनीत दिसत नाही म्हणून ते मेलं असं समजू नका. मग साक्षी सुरू झाल्या, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते एकेकानं उठून सांगायचं. कुणाच्या मुलाला नोकरी लागली होती, कुणाची गाठ विरघळली होती. पाळकसाहेबांनी विचारलं, "आणखी कुणी?" आणि मी उभी होते.

ठरवून उठले नव्हते, असं सांगता आलं असतं. पण उभं राहिल्यावर मी काय बोलले ते तर मीच बोलले ना.

मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याची दारू प्रभूनं सोडवली."

त्या आठवड्यात दिलीपला कावीळ झाली होती. डॉक्टरांनी तंबी दिली होती, त्याला उलट्या होत होत्या, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. म्हणून तो प्यायला नव्हता. माझ्या साक्षीत खरं होतं ते एवढंच. बाकीचं मी रचत गेले—त्याचे अश्रू, त्याचं गुडघे टेकणं, बाटली मोरीत ओतणं. हॉलमध्ये हालेलुया झालं, टाळ्या झाल्या. म्हाताऱ्या बायकांनी मला मिठीत घेतलं. देवाचं पीक येईपर्यंत मला धीर धरवला नाही, म्हणून मी ते परस्पर जाहीर करून टाकलं. कावीळ उतरल्यावर थोड्याच दिवसांत दिलीप पुन्हा प्यायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच? असं खोटं लोक बोलतात. पण मी अजून तिथवर आलेलेच नाही.

त्या रविवारी मागच्या बाकावर सुशीला बसली होती. आमच्याच मंडळीतली, मला ताई म्हणायची. तिचा नवराही प्यायचा, आणि तो मारायचा. हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. काही आठवड्यांनी ती दुपारी माझ्या घरी आली. शिकवणीची मुलं यायला वेळ होता. मी पोळ्या करत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, भावानं श्रीरामपूरला खोली बघितलीय. पोरीला घेऊन ये म्हणतोय. पिशवी भरून ठेवलीय मी."

मी विचारलं, "मग?"

"मग तुमची साक्ष ऐकली ना. तेव्हापासून पाय निघत नाही. वाटतं, मीच घाई करतेय. तुमच्याकडे झालं, माझ्याकडेही होईल. थांबू का ताई?"

त्या क्षणी दिलीप आतल्या खोलीत होता. पिऊन झोपला होता. दार मी लोटून घेतलं होतं. चार पावलं चालून ते दार उघडलं असतं, तर सुशीलाला तिचं उत्तर मिळालं असतं. मला बोलावंही लागलं नसतं. पण मला दारापलीकडे दिलीप दिसला नाही. मला दिसले ते टाळ्या वाजवणारे लोक.

मी पोळी उलटली आणि म्हणाले, "थांब. पेरत राहा. देव पीक देतो."

तिनं मान हलवली. माझा हात धरून प्रार्थना केली—माझ्यासाठी, माझ्या घरासाठी, आभार मानणारी. आणि ती घरी गेली आणि तिनं पिशवी रिकामी केली.

देव पीक देतो हे खरं आहे. मी बोलले त्या शब्दांत एकही शब्द खोटा नव्हता, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. देवाचा खरा शब्द घेऊन मी माझं खोटं झाकलं आणि एका बाईला मारणाऱ्याच्या घरी परत पाठवलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर माझ्या लक्षात आलं, सुशीला उपासनेत मान वळवून बसते. कुणी बोललं की पक्ष्यासारखा चेहरा तिरपा करते. मी जिन्यात तिला विचारलं. ती सहज म्हणाली, "डाव्या कानानं ऐकू येत नाही आता. त्या दिवशी जरा जोरात लागलं." मग म्हणाली, "वेळ लागतो ना ताई?"

देवानं मला दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला होता. मी म्हणाले, "लागतो."

शेवटी तिचा भाऊच येऊन तिला आणि पोरीला घेऊन गेला. मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. ती सुटली म्हणून नाही, रविवारी तिचा तो वळवलेला चेहरा आता बघावा लागणार नव्हता म्हणून.

आणि दिलीप? माझी साक्ष त्याला दुसऱ्याच माणसाकडून कळली. मंडळीतल्या कुणीतरी सोसायटीच्या गेटपाशी त्याचं अभिनंदन केलं. तो वर आला, बूट काढले, म्हणाला, "तू असं सांगितलंस?"

"हो."

"बरं," म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतर तो लपून प्यायला लागला. लांब जायचा, वेलची चघळत यायचा. माझी अब्रू सांभाळायचा, दुसरं काय? त्याचं पिणं एकट्या पाळकसाहेबांना ठाऊक होतं; साक्षीआधी ते त्याला व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं म्हणत होते, ते बोलणंही थांबलं. बऱ्या झालेल्या माणसाला केंद्रात कोण नेतं? पुढे एकदा तो मला म्हणाला, "मी बरा झालोय हे तूच जाहीर केलंस मालू. मग मी मदत मागायची कुणाकडे?" रागानं नव्हता म्हणाला. खरंच विचारत होता.

मदत आली ती अशा ठिकाणाहून, जिथं मी कधी बघितलंही नव्हतं. कामोठे गावातले भोईर रिक्षा चालवतात. एका संध्याकाळी दिलीप त्यांच्या रिक्षात चढला आणि उतरायचं विसरला. त्यांनी त्याला घरी आणून सोडलं. दाराशी उभे राहून मला म्हणाले, "वयनी, मी पन असाच होतो. आता नाय पीत. आमी काही जन बसतो एकत्र, बोलतो. याला मी नेतो आनि मीच आनतो. तुमी फक्त विचारू नका काय झालं."

मी विचारलं नाही. भोईर त्याला घेऊन जात राहिले. मध्ये एकदा दिलीप घसरला, पुन्हा उभा राहिला. आज कित्येक वर्षं झाली, तो प्यायलेला नाही. सकाळी माझ्या आधी उठतो, चहा ठेवतो, शिकवणीला आलेल्या मुलांची गणितं तपासतो. ज्या देवावर मी विसंबले होते, त्यानं शब्द पाळला. पूर्ण, माप दाबून भरावं तसा पाळला.

आणि मला ते सांगता येईना. सुगीचा रविवार यायचा, पाळकसाहेब विचारायचे, "आणखी कुणी?" उपासनेला येऊ लागलेला दिलीप शेजारी बसलेला असायचा. आता खरं सांगण्यासारखं होतं, तर त्याचे आभार मी आधीच मानून बसले होते—खोटे. मी खाली बघत बसायची. तोही.

एकदा घरी परतल्यावर तो आपणहून बोलला. "तू पहाटे ओट्याजवळ बसायचीस ना, मी जागाच असायचो."

"ऐकायचास?"

"सगळं. वाटायचं, ही अजून देवाकडे माझं नाव घेते, म्हणजे मी पुरता गेलेलो नाही. भोईरबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा तेच डोक्यात होतं."

म्हणजे बी रुजलंच होतं. मी खोटं बोलले त्या दिवशीही ते जमिनीखाली जिवंत होतं. मी फक्त गप्प राहायला हवं होतं.

त्याच दिवशी मी दिलीपला सुशीलाची गोष्ट सांगितली. ओट्याजवळची, लोटलेल्या दाराची. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जाऊन ये."

मी एसटीनं श्रीरामपूरला गेले. सुशीला एका वसतिगृहात स्वयंपाकाला आहे, मुलगी कॉलेजात शिकते. तिनं मला बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. तिनं एकच विचारलं.

"मी ओट्यापाशी उभी होते त्या दिवशीसुद्धा दिलीपभाऊ पीत होते?"

"हो. आत झोपला होता."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. निवडता निवडताच म्हणाली, "ताई, मी तुमच्यावर विश्वास ठेवला तो देवावरच ठेवलाय असं समजले होते. इथं आल्यावर ते दोन्ही वेगळं करायला मला फार दिवस लागले. आता त्याच्यावर आहे. पक्का आहे. त्यानं मला सोडलं नाही, माझ्या पोरीलाही नाही. तुमचं मला माहीत नाही."

माफी मागायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मागितली असती तर तिला मला वर माफीही द्यावी लागली असती.

ती मला स्टँडपर्यंत सोडायला आली. माझ्या डाव्या बाजूनं चालत होती, म्हणजे तिचा उजवा कान माझ्याकडे राहील. मी काही बोलले तर ऐकू यावं म्हणून. स्टँड येईपर्यंत मी काहीच बोलले नाही.

देव आपल्या वेळेला पीक देतो, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझ्या घरात ते आलं आहे. सुशीलाच्या घरातही आलं आहे, तिच्या कष्टांनी आणि त्याच्या कृपेनं. आणि त्या दुपारी पोळी उलटता उलटता मी जे पेरलं, तेही उगवलं. ते सुशीलानं कापलं.