दळणातली दालचिनी

दालचिनीचे रोल मी घरीच करीन, तेही मैद्याचे नव्हे, गव्हाच्या पिठाचे, असं मुलीला ई-मेलवर कबूल करून बसलो होतो. कंपनीने तिला वर्षभर अमेरिकेला पाठवलं होतं आणि तिथे तिला या रोलचं वेड लागलं होतं. ती परत येणार त्या सकाळी मी हुशारी केली. गव्हातच दालचिनीचे तुकडे टाकले आणि डबा गिरणीवर नेला.

आमचे गिरणीवाले भुवयांपर्यंत पांढरे असतात आणि फक्त प्रश्नांत बोलतात. "बारीक की जाड? आत्ता की संध्याकाळी?" दुपारी बाराला गिरणी बंद म्हणजे बंद.

बाराला पाच कमी होते. त्यांनी झाकण उघडून वास घेतला.

"अहो, हे दळण आहे की मसाला? पुढच्या दहा घरांनी दालचिनीच्या पोळ्या खायच्या का?"

"मुलगी येतेय संध्याकाळी," मी पुटपुटलो.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, शटर अर्धं ओढलं, गहू परातीत ओतले आणि चष्मा लावून एकेक तुकडा वेचायला बसले. मी मदतीला हात घातला, तर म्हणाले, "काम करू की तुम्हाला शिकवू?" साडेबाराला मैद्यासारखं मऊ पीठ माझ्या हातात होतं.

रोल जरा वाकडे झाले, पण लेकीने उभ्या उभ्या तीन खाल्ले. मग मी गिरणीची हकिगत रंगवून सांगितली.

बायको म्हणाली, "पंचवीस वर्षं मी जातेय, बारावर एक मिनिट झालं की माझा डबा परत येतो. आजपासून दळण तुम्हीच न्यायचं."