माझी खीर खाणाऱ्या काकी

"काय नाय होणा गो," असं म्हणून आमच्या तळमजल्यावरच्या काकी माशी हाकलल्यासारखा हात हवेत फिरवायच्या. नळाला पाणी नसो, गॅसचा सिलिंडर भाकरी तव्यावर असताना संपो, नाहीतर कुणाच्या मुलाचा दहावीचा निकाल लागायचा असो, काकींचं उत्तर ठरलेलं. आणि गंमत म्हणजे निम्म्या वेळा व्हायचं ते व्हायचंच. मग त्या म्हणायच्या, "झाला ता झाला, आता चाय ठेव." तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एखादी असेल, आठवून बघा.

आमची बिल्डिंग बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाची. लिफ्ट नाही आणि दारं दिवसभर सताड उघडी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे ही. काकींचे यजमान गिरणी सुटल्यावर दहिसरला एका कारखान्यात लागले होते. काकी मालवणकडच्या. त्या तळमजल्यावर बोलल्या तरी गच्चीत पापड वाळत घालणाऱ्या बाईला शब्दन् शब्द ऐकू यायचा. सगळ्या घरांत त्यांचा वावर, सगळ्यांच्या डब्यात त्यांचा हात. फक्त बाळंतिणीच्या खोलीत त्या कधी पाऊल टाकत नसत, कारण त्यांना मूल नव्हतं. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही, पण अशा बाईने तान्ह्या बाळाला हात लावू नये, हा नियम सगळ्यांना पाठ होता आणि त्यांना सगळ्यांत जास्त. कुणाकडे बारसं निघालं की नेमकं त्याच दिवशी त्यांचं मालाडला नणंदेकडे काम निघायचं.

माझी आई मी लहान असतानाच गेलेली. त्यामुळे पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. सासूबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. मायेला कमी नाही, पण ती सगळी वाटीतून यायची. सकाळी अळिवाची खीर, मग मेथीचा लाडू, दुपारी शेपूची भाजी, वर बाळंतशोपा, संध्याकाळी परत खीर. बाळंतिणीला दूध यायला हवं ना, म्हणून. शेजारणींनीही कंबर कसली. ज्या वाटीत मी कुणाला विरजण दिलं असेल नसेल, ती प्रत्येक वाटी खिरीने भरून परत येत होती.

इथेच सगळी वाट लागली. दूध आलं, ते असं आलं की छाती दगडासारखी कडक झाली. बाळाला घ्यायला जावं तर त्याचं तोंड त्या ताठ कातडीवरून घसरायचं, मग ते किंचाळायचं. बाळ रडतंय म्हणजे दूध पुरत नाही, असा सासूबाईंचा हिशोब. म्हणून आणखी खीर. खिरीने दूध आणखी दाटायचं, बाळ आणखी रडायचं. मी काही बोलायला जावं तर म्हणायच्या, "तुला काय कळतंय, पहिलटकरीण तू."

शेवटी डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली. नुसता पदर लागला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. अंगात कणकण भरली. सासूबाईंनी जाहीर केलं की आता बाळाला वरचं दूध लावायचं, आणि पिशवी घेऊन पावडरचा डबा आणायला निघाल्या. मला माझ्या बाळाला पाजायचं होतं हो. बाकी काही नको होतं. त्या गेल्यावर मी आणि बाळ दोघांनी मिळून जो गळा काढला, तो तळमजल्यापर्यंत गेला.

काकी वर आल्या आणि दाराशी थबकल्या. मीच म्हटलं, काकी, आत या, माझ्याने होत नाही आता. त्या क्षणभर जिन्याकडे बघत राहिल्या. मग आल्या, टेबलावरची झाकलेली खीर पाहिली, आणि विश्वास ठेवा, आधी खाली बसून ती वाटी चाटूनपुसून साफ केली.

"रडतंस कित्याक?" तोंड पुसत त्या म्हणाल्या. "तुका दूध कमी नाय गो. जास्त झाला हा, म्हणान पोराक धरूक गावत नाय."

त्यांनी पाणी कोमट केलं, टॉवेल बुडवून पिळला आणि छातीवर ठेवायला दिला. तो निवला की दुसरा. मग बोटांनी बाजूकडून पुढे, पोळीला तूप लावावं इतक्या हलक्या हाताने, थोडं दूध वाटीत काढायला लावलं. "पुढचा भाग मऊ झालो की पोर आपसूक धरता," म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, बाळाला जरा देता का माझ्याकडे. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, "तू उचल. मी हात लावचंय नाय."

मीच उचललं. त्याची हनवटी गाठीच्या बाजूला येईल असं धरायला त्यांनी लांबूनच सांगितलं. आधी दुखऱ्या बाजूला घे, सारखं सारखं घे, घाबरून ती बाजू सोडू नको. बाळाने तोंडात धरलं आणि गटागट पिऊ लागलं. सुरुवातीला जीव गेला माझा, मग हळूहळू असं सैल वाटायला लागलं की मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना. नंतर गार पाण्याची घडी ठेवायला सांगून काकी उठल्या. उद्यापर्यंत ताप उतरला नाही तर मुकाट डॉक्टरणीकडे जायचं, मग नुसत्या शेकाने भागणार नाही, हेही बजावलं.

हे सगळं त्यांना कसं ठाऊक, ते जाता जाता कळलं. काकी त्यांच्या सासरच्या थोरल्या सून. जावांची सगळी बाळंतपणं त्याच घरात झाली. पोरांना हात लावायचा नाही, पण पाणी तापवायला, फडकी धुवायला, शेकायला त्याच.

सासूबाई डबा घेऊन आल्या तेव्हा बाळ पोट भरून झोपलं होतं आणि खिरीची वाटी रिकामी होती. त्यांचा चेहरा फुलला. "बघ, खीर लागू पडली की नाही," म्हणाल्या. मी मान डोलावली.

ताप दुसऱ्या दिवशी उतरला, गाठही विरली. खीर मात्र जोरात चालू राहिली. मग रोज दुपारी सासूबाई जरा लवंडल्या की काकी वर यायच्या, वाटी संपवायच्या आणि बाळाकडे लांबूनच बघत बसायच्या. तीन आठवड्यांत बाळाने बाळसं धरलं आणि काकींनीही.

एकदा सासूबाईंना लवकर जाग आली. काकींच्या तोंडात चमचा होता. पटकन उठून, मान खाली घालून त्या निघून गेल्या. मग मी सासूबाईंना सगळं सांगितलं, टॉवेलपासून खिरीपर्यंत.

"मला का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही त्यांना आत येऊ दिलं असतंत?"

सासूबाई वाटी उचलून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ घासत बसल्या. त्यानंतर काकी आल्या नाहीत. मला दुपारी घर खायला उठायचं.

बाळ सव्वा महिन्याचं झालं आणि बारसं ठरलं. काकींनी निरोप धाडला की त्यांना मालाडला जायचंय. खोली बायकांनी भरली, पाळण्याला फुलं लावून झाली, आणि बघते तर सासूबाई गायब. थोड्या वेळाने नवं लुगडं सावरत जिना चढून आल्या, धापा टाकत. हाताला धरून काकींना आणलं होतं. काकी घरातल्याच साडीत, ओले हात पुन्हा पुन्हा पदराला पुसत होत्या. भिंतीशी बसलेल्या दोघी-तिघी कुजबुजल्या.

"ही नसती तर माझा नातू डब्यावर वाढला असता," सासूबाई म्हणाल्या. "ज्यांना चालत नसेल त्यांनी घुगऱ्या घेऊन जावं."

कुणी उठलं नाही. पाळण्याच्या एका बाजूला सासूबाई उभ्या राहिल्या, दुसऱ्या बाजूला काकींना उभं केलं. देवाची नावं घेत बाळ पाळण्याखालून द्यायचं आणि पलीकडचीने ते वरून परत द्यायचं, अशी आमच्याकडे पद्धत. सासूबाईंनी बाळ खालून दिलं. काकींनी घेतलं, छातीशी धरलं, आणि परत द्यायचं विसरूनच गेल्या. बायका तीच नावं पुन्हा पुन्हा गात राहिल्या. सासूबाई पाळण्यावरून हात पुढे करून उभ्या होत्या, पण त्यांनी बाळ मागितलं नाही.